घशातली खवखव

शांतवनकाकांनी तासगावच्या चर्चला कीर्तनासाठी बाजाची नवी पेटी दिली आणि पाळकसाहेबांना बजावलं, "नाव मात्र घेऊ नका. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळायला नको."

रविवारी कीर्तन रंगलं. गाता गाता बुवा म्हणाले, "काय गोड पेटी हाय. देणारा देवालाच ठाऊक." काका खोकले. बुवांनी पुन्हा कौतुक केलं, काका पुन्हा खोकले. मग पेटीला पंख्याचा वारा लागतोय म्हणत उठले आणि ती जरा सरकवून आले.

मागच्या बाकावरून मार्थाकाकू कुजबुजल्या, "आवं, बसा की गप."

"मी कुठं काय बोललो?"

"हात गप हायत तुमचं, पर घसा समदं सांगतोय."

काका ओशाळले. पुढचं कीर्तन त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

शेवटी बुवांनी मोबाईल काढला. "शांतवनराव, पेटीचा फोटो ग्रुपवर टाकतोय. कुणी दिली, तुमाला ठाऊक असंल की."

काकांच्या घशात पुन्हा खवखवलं. त्यांनी आवंढा गिळला. "कुणी का दिली असंना बुवा, सुरात हाय न्हवं?"

दारात चपला घालताना काकू हळूच म्हणाल्या, "आत्ता कुठं दिलीसा बघा पेटी."