घरघर

"तुझ्या त्या डब्याच्या घरघरीत चार शब्द धड बोलता येत नाहीत," बायको रोज म्हणायची.

शेवटी हौशी मंडळींच्या ग्रुपवर सगळ्यांचं डोकं खाल्लं, गेमिंगच्या त्या कॉम्प्युटरचे झाडून सगळे पंखे बदलले, खाली रबर लावलं. वाकून वाकून पाठ धरली. ग्रुपवर एकजण म्हणाला, "आता बघ, घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल."

संध्याकाळी बटण दाबलं.

"चालू झाला?"

"हो."

"छान झालं."

"हो ना."

मी पुसलेलंच टेबल पुन्हा पुसलं. तिनं कपड्यांच्या घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घातल्या.



थंडी मी म्हणत होती, तरी थोड्या वेळानं तिनंच उठून छताचा पंखा पाचवर केला.