निळा वाडगा

"आई, आता तरी हे उपटून टाकू का?" मुलानं अंगणातल्या हनीबेरीच्या झुडपाकडे बोट दाखवलं. कॅनडातली उणे चाळीसची थंडी त्या झुडपानं हसत काढली होती, पण एक फळ धरेल तर शपथ!

कुमुदताई काही बोलणार, इतक्यात कुंपणावरून शेजारच्या हालिनाबाईंचा निळा वाडगा आला. भांडं रिकामं परत करायचं नाही, ही कुमुदताईंची रीत त्या युक्रेनियन बाईंनी केव्हाच उचलली होती. इकडून बेसनाचे लाडू गेले, की तिकडून कधी बेरी, कधी पाव. "लाडू" हा एकच मराठी शब्द त्यांना येई.

आज मात्र वाडग्यात माती होती आणि मातीत वीतभर रोप.

"हे खायचं कसं?" कुमुदताई चक्रावल्या. हालिनाबाईंनी रोप दाखवलं, झुडूप दाखवलं आणि दोन बोटं जुळवली. मुलगा हसत सुटला. "हे दुसऱ्या जातीचं आहे, आई. जोडी असली तरच फळ धरतं म्हणे."

रोप झुडपाशेजारी लागलं. वाडगा कुमुदताईंनी ठेवून घेतला. आता तो जाईल तर याच फळांनी भरून! दोन हिवाळे तो फडताळातच राहिला.

मग एका जूनमध्ये झुडूप निळ्या फळांनी लगडलं. घरात कुणाला एक चाखू न देता कुमुदताईंनी पहिला तोडा वाडग्यात भरला आणि कुंपणावरून पुढे केला.

हालिनाबाईंनी त्यांना कुंपणासकट मिठी मारली. मग बेरी बोटांनी बाजूला सारत वाडग्याच्या तळाशी डोकावल्या आणि दोन वर्षांच्या उपाशी चेहऱ्यानं म्हणाल्या, "लाडू?"