जखमी राजकुमार

फासा गडगडत गेला आणि चौदावर थांबला. ऋग्वेदने पुठ्ठ्याच्या आडोशामागे मान घालून तक्ता पाहिला, भुवया उंचावल्या आणि आपल्यालाच नवल वाटतंय अशा आवाजात म्हणाला, "वाटेत झाडाखाली एक जखमी राजकुमार पडलाय."

"परत?" समर्थने विचारलं. "मघाशी घाटात पडलेला की त्यो. पाणी पाजून आलो आम्ही."

"फाशाला कोण काय करणार?"

अनगोळातल्या त्या माडीवर दर रविवारी दुपारी चौघं जमत. ऋग्वेद गोष्ट सांगे. समर्थ, करिष्मा आणि भैरवी तिच्यातले प्रवासी होत. कुठल्या वाटेनं जायचं ते प्रवाशांनी ठरवायचं आणि वाटेत काय भेटेल ते वीस बाजूंच्या फाशानं. त्यासाठी तक्ता असे: एक आला तर लांडगे, सात आला तर दरोडेखोर, अकराला पडका पूल. "माझ्या खेळात खेळाडू राजा," असं ऋग्वेद येईल त्याला सांगे, आणि वर्षभर त्यानं ते पाळलंही होतं. आज सकाळी मात्र त्यानं नवा तक्ता लिहिला आणि विसाच्या वीस ओळींत राजकुमार बसवला.

कारण भैरवीला स्थळं येत होती. पहिलं निपाणीचं, दुसरं संकेश्वरचं. आज सकाळी कोल्हापूरचं तिसरं येऊन पोहे खाऊन, गोड आवाजात "चार दिवसांत कळवतो" म्हणून गेलं, आणि ती तशीच नेसत्या साडीनिशी, उरलेल्या कुंद्याच्या मिठाईचा डबा घेऊन इकडे आली होती. ऋग्वेदचा जीव तिच्यावर कधीचा जडला होता, पण तोंडानं बोलायची छाती नव्हती. म्हणून राजकुमार बोलणार होता. तो मागणी घालणार, भैरवीची वीरांगना हो म्हणणार, आणि मग ऋग्वेद हळूच खरं काय ते सांगणार. पडलेल्या माणसाला कुणी नाही म्हणत नाही, असा त्याचा अंदाज. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो म्हणतात. यानं ते बांधून वर पुठ्ठ्याचा आडोसा धरला होता.

"रानातनं नको मग," भैरवी म्हणाली. "नदीनं जातो आम्ही."

फासा पडला. तीन.

"समोरून नाव येते," ऋग्वेद म्हणाला. "नावेत एक जखमी राजकुमार आहे."

"ह्यो तिसरा?" करिष्मा म्हणाली. "लढाई लागलीय काय रं कुठं? दिसतोय कसा?"

"उंच. गोरा. चष्मा..." ऋग्वेदनं स्वतःचा चष्मा सावरत जीभ चावली.

"राजकुमाराला चष्मा?"

"जादूचा आहे."

समर्थ मान खाली घालून कुंदा खाऊ लागला. त्याचे खांदे हलत होते. भैरवी मात्र हसली नाही. तिनं फासा उचलून उलटसुलट पाहिला आणि परत ठेवला.

"बरं. आम्ही कुठंच जात न्हाय," ती म्हणाली. "धर्मशाळेत दार लावून झोपतो. कडी घातली, आडणाबी घातला."

शहाणा माणूस इथं थांबला असता. ऋग्वेदनं फासा उचलला. एकोणीस. त्याच्या कपाळावर घाम आला. "छपराची कौलं फुटतात," तो सावकाश म्हणाला, "आणि वरून..."

"राजकुमार पडतो," तिघंही एका सुरात म्हणाले.

"आता तर जखमी होणारच की," समर्थनं भर घातली.

भैरवीनं हात लांब करून आडोशामागचा तक्ता ओढून घेतला. पहिल्या ओळीपासून विसाव्या ओळीपर्यंत बोट फिरवत नेलं. मग कागद चटईवर ठेवला.

"म्हणतोय तरी काय त्यो? बोलू दे त्याला."

ऋग्वेदकडं लिहिलेलं तयार होतं. त्यानं वाचलं. "हे वीरांगने, माझी राणी होशील का? तुझ्यावर कसलीही जबरदस्ती नाही. तू मुखत्यार आहेस."

"आमचे आप्पाबी असंच म्हणत्यात," भैरवी म्हणाली. "तुला पसंत असंल त्योच. आणि मग तीन रविवार तीन स्थळं, सगळं आधीच ठरवून आणलेलं. माझ्या मनात काय हाय ते एकानंबी इचारलं न्हाय. तिघांनाबी न्हाय म्हटलो. आज आई रडाय लागली. दुसरा कोण हाय काय गं, म्हणाली. हाय म्हटलो. अजून इचारलं न्हाय त्यानं, पण इचारंल. त्यो कधी कुणावर काय लादत न्हाय."

एका हातानं मिळालेलं आणि दुसऱ्या हातानं घालवलेलं ऋग्वेदला एकदमच समजलं. त्यानं पुठ्ठा बाजूला सारला. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"भैरवी, मी विचारतो," तो म्हणाला. "मीच विचारतोय. लग्न करशील माझ्याशी?"

भैरवी उठली. साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज सकाळच्या कोल्हापूरकरांइतकाच गोड होता.

"चार दिवसांत कळवतो," ती म्हणाली आणि जिना उतरली.