वाचणारे त्रेचाळीस

"बोट इथी टेकवा, आजी."

अंगणवाडीच्या संघप्रियानं मोबाईल पुढे धरला. सुकरीनं बोट पदराला पुसलं आणि पडद्यावरच्या चौकोनात टेकवलं. 'मी मसुदा वाचला आहे' असं हिरवं उमटलं.

टेकडीवर अख्खं गाव जमलं होतं. नेटवर्क फक्त तिथंच, तेही एका झाडाखाली. गावामागच्या जंगलात मोह आणि तेंदू वेचायला बंदी घालायचं सरकारनं योजलं होतं. आता लोकांना विचारल्याशिवाय कसं करणार, म्हणून मसुदा वेबसाइटवर टाकला होता. वाचा आणि हरकत नोंदवा. मुदत आज पाचपर्यंत. गावाला कळलं काल, संघप्रिया तालुक्याला, एटापल्लीला मीटिंगला गेली तेव्हा. मोह गेला तर उन्हाळाभर चूल कशी पेटायची, हे त्या वेबसाइटला काय ठाऊक!

मसुदा वाचून, गोंडीत समजावून संघप्रियाचा घसा बसला होता. आधी आधार नंबर, मग 'वाचला'वर बोट, मग हरकतीचं पान. ते मेलं पान काही उघडेना. नुसतं गोल गोल फिरे.

"फिरू दे त्याले," गावपाटील लालसू म्हणाला. "तवरिक सगळ्यायचं 'वाचलं' उरकून घे. हरकती एकदमच टाकू."

झालं. रेशनच्या अंगठ्याला लागते तशी रांग लागली. सुकरीला तर हसू आवरेना.

"मी वाचलं म्हून सरकारले समजलं?"

"समजलं, आजी."

सत्तरी उलटली तरी शाळेची पायरी न चढलेली सुकरी, येईल त्याला तेच सांगत सुटली.

पाच वाजले. पान फिरायचं थांबलं. 'मुदत संपली आहे.' संघप्रियाला रडू फुटलं.

महिन्याभरानं पंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. संघप्रियानं तो वाचला.

"काय लिवलं, बाई?" सुकरीनं विचारलं.

"गावातील त्रेचाळीस नागरिकांनी मसुदा वाचला. हरकती निरंक. सबब गावाची संमती समजून मंजूर."

"निरंक मंजे?"

"एकबी नाई, आजी."

सुकरीनं आपल्या बोटाकडे पाहिलं.

"बाई," ती हळूच म्हणाली, "मले वाचता येत नाई, असं लिवून देता येते काय सरकारले?"