दुकान वाढव

अर्धांगाच्या झटक्याने सासऱ्यांची वाचा जवळजवळ गेली होती. तरी मुलाचा हात धरून ते पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणाले, "दुकान वाढव. लगेच वाढव."

नोकरीपायी भांड्यांच्या त्या दुकानाची पायरी कधी न चढलेला मुलगा गहिवरला. दुसऱ्याच दिवशी त्याने गवंडी बोलावले.

सुनेने हौसेने सासूबाईंना सांगितलं, "आई, ह्यांनी मधली भिंत पाडायला घेतलीये. शेजारचा आपला गाळा जोडून दुकान दुप्पट करतायत!"

सासूबाई ताडकन उठल्या.

"अगं, 'बंद कर' असं अभद्र कुठलाच दुकानदार बोलत नाही. कुलूप लावायचं असलं की 'वाढव' म्हणतात! त्या भिंतीला तडा गेलाय, म्हणून घाबरले होते हे. वरचे तिन्ही मजले तिच्याच आधारावर आहेत. फोन लाव त्याला, आधी फोन लाव!"

सुनेने फोन लावला. नवऱ्याने तो लगेच उचलला.



"घणाच्या आवाजात काही ऐकू येत नाहीये गं. थोडीच भिंत राहिलीये, तेवढी पाडून झाली की करतो तुला."