इथली

भोपाळच्या टाउनशिपमध्ये दिगंबररावांच्या क्वार्टरवर उतरलेला पाहुणा सांची पाहिल्याशिवाय कधी परत गेला नाही. ते स्वतः दाखवून आणायचे. वैजयंतीबाई पहाटे उठून पुरी-भाजीचा डबा बांधून द्यायच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या तयारीसाठी घरी थांबायच्या.

"वहिनी, तुम्हीही चला ना," असं कुणी म्हटलं तर म्हणायच्या, "मी काय, इथलीच. कधीही जाईन."

दिगंबरराव रिटायर झाले. क्वार्टरची किल्ली जमा करून दोघं रात्रीपुरती गेस्ट हाउसमध्ये उतरली. नागपूरची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होती.

सकाळी ते उठले, तेव्हा वैजयंतीबाई ठेवणीतली साडी नेसून खुर्चीत बसल्या होत्या.

"एवढ्या लवकर कुठं निघालीस?"

"आता मी इथली नाही ना," त्या म्हणाल्या. "सांची दाखवून आणता?"