लांबची पाहुणी

चौतीस सालच्या उन्हाळ्यात वेड्यांच्या इस्पितळातून अकरा वर्षांनी सुटलेली प्रयाग बारामतीला आगगाडीतून उतरली आणि पाटाकडेनं चालत घरी आली. सोप्यात बसलेल्या हिंदुरावांनी बायकोला ओळखलं. आत बघत ते हळू आवाजात म्हणाले, "पोरीला सांगितलंया, तू पटकीनं गेलीस. सोमवारी तिचं लगीन हाय. आईला येड लागलेलं कळलं, तर सोयरीक मोडंल." तेवढ्यात लेक पाण्याचा तांब्या घेऊन आली. "लांबच्या पावण्या हायत," हिंदुराव म्हणाले. लेकीनं कुंकवाचा करंडा आणला, पण पाहुणीचं पांढरं कपाळ बघून ती घुटमळली. "मावशी, तुमचं धनी हायत न्हवं?" हिंदुरावांनी मान खाली घातली. "हायत," म्हणत प्रयागनं कपाळ पुढं केलं. कुंकू लावून लेक म्हणाली, "लग्नाला थांबा की. माझ्या आईकडचं कुणीच न्हाय." दोन्ही हातांनी तिची दृष्ट काढून प्रयाग पायऱ्या उतरली.